स्लाइडवर आवाज भरायला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं

मी आठवीच्या मुलांसाठी हृदयाच्या धड्याचं पॉवरपॉइंट करते, त्यावर स्वतःचा आवाज भरते आणि व्हिडिओ करून पाठवते, आणि आता माझी तयारी ठरून गेलीय म्हणून सगळी लिहून ठेवतेय. पहिलं म्हणजे वेळ. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाक, खिडकीत कबुतरं, त्यामुळे मी पहाटे पाचला बसते. पंखा बंद, फोन सायलेंटवर नाही तर चक्क दुसऱ्या खोलीत, आणि समोरच्या मोकळ्या भिंतीवर एक गोधडी टांगायची, कारण मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमणारा आवाज नंतर काढता येत नाही, पंख्याचा एकवेळ निघतो.

माइक म्हणजे साधा वायरवाला इअरफोन. ब्लूटूथचा नको, कारण त्याचा माइक चालू झाला की आवाज फोनवर बोलल्यासारखा बसका होतो. माइक तोंडासमोर धरायचा नाही, एक वीतभर लांब आणि थोडा बाजूला, गालाच्या रेषेत. हे तपासायला माझा एकच शब्द ठरलेला आहे, फुफ्फुस. हा शब्द तीनदा बोलायचा आणि ऐकायचा, फ ची हवा माइकवर धप्पकन आदळत असेल तर माइक अजून बाजूला घ्यायचा. विंडोजमध्ये माइकची परमिशन आणि कोणता माइक निवडलाय तेही आत्ताच बघा, एकदा मी अर्धा तास बोलले आणि सगळं लॅपटॉपच्या माइकवर गेलं होतं, सोबत आतल्या फॅनची घरघर, सगळं परत करावं लागलं.

बोलायचं ते प्रत्येक स्लाइडच्या नोट्समध्ये बोलीभाषेतच लिहा, पुस्तकी वाक्य वाचायला गेलं की आवाज लगेच वाचल्यासारखा येतो. एक स्लाइड, एक मुद्दा. चार मुद्द्यांची स्लाइड असेल तर रेकॉर्डिंगच्या आधीच तिच्या तीन-चार करा, आणि हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय, कारण पॉवरपॉइंट आवाज अख्ख्या प्रेझेंटेशनला जोडत नाही, प्रत्येक स्लाइडचा वेगळा ठेवतं. म्हणजे चुकलं तर तेवढीच स्लाइड परत बोलायची, आणि स्लाइड जितकी छोटी तितकं परत बोलणं कमी. फाइलची एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवली की मगच रेकॉर्डचं बटण.

बोलताना एकच शिस्त पाळा. स्लाइड आली की एक श्वास थांबा, बोला, वाक्य पूर्ण करा, परत एक श्वास थांबा, मग पुढे जा. स्लाइड बदलत असताना आवाज रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे बोलता बोलता बटण दाबलं की शेवटचा शब्द तुटतो, माझ्या पहिल्या व्हिडिओत अशी सहा वाक्यं तुटली होती आणि एका मुलीने विचारलं, मॅडम रक्त पुढे कुठे जातं ते ऐकूच आलं नाही. सुरुवातीला पाच सेकंद नुसती शांतता पण रेकॉर्ड करून ठेवा, ऑडॅसिटी नावाच्या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर कमी करताना खोलीचा आवाज कसा आहे ते त्यावरूनच कळतं.

आता दुरुस्ती. मी एकदा 'उजव्या निलयातून रक्त फुफ्फुसांत जातं' ऐवजी 'डाव्या' बोलून गेले (निलय म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा), एकच शब्द, पण मुलं तेच पाठ करणार. असं झालं की आधी मागची स्लाइड ऐका, म्हणजे आपला सूर आणि वेग कानात बसतो, मग तेवढ्याच स्लाइडवरून, करंट स्लाइडपासून रेकॉर्डिंग सुरू करा आणि वाक्य संपल्यावर पुढच्या स्लाइडवर न जाता थांबवा. पुढे गेलात की पुढच्या स्लाइडचा चांगला झालेला आवाज पण पुसला जातो. जुना आवाज क्लिअर करताना, म्हणजे पुसताना, फक्त चालू स्लाइडचं निवडा, सगळ्या स्लाइड्सचं नाही. ट्रिमने फक्त सुरुवात आणि शेवट कापता येतो, मधला खोकला त्याने निघत नाही, तिथे स्लाइड परत बोलणंच सोपं पडतं. बाहेर साफ केलेली ऑडिओ फाइल लावली तर जुनी काढून टाका, नवीन आपोआप सुरू होईल असं ठेवा, आणि स्लाइडची वेळही बदला, नाहीतर आवाज संपायच्या आधी स्लाइड निघून जाते.

एक्सपोर्ट करून व्हिडिओ केला की अख्खा एकदा इअरफोन लावून ऐका आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण मुलं फोनवरच ऐकतात, बऱ्याचदा घरात टीव्ही चालू असताना. एक्सपोर्टमध्ये व्हिडिओचा दर्जा 1080 ऐवजी 720 ठेवला की फाइल हलकी होते आणि आवाजात काही फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आकृतीतली बारीक नावं पुसट होत नाहीत. आणि मूळ पॉवरपॉइंटची फाइल डिलीट करू नका, पुढच्या वर्षी एखादं वाक्य बदलायचं झालं तर ते तिथेच बदलता येतं, तयार व्हिडिओत नाही.