‘सॉरी म्हण’च्या पुढे: संडे स्कूलमध्ये मतभेद कसे शिकवावेत

संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, दोघांची जुंपली की आपण शिक्षक त्यांना समोरासमोर उभं करतो, ‘येशूला भांडण आवडत नाही’ म्हणतो आणि सॉरी वदवून घेतो. वर्ग शांत होतो. मूल मात्र एवढंच शिकतं, की मतभेद म्हणजे पाप आणि माफी म्हणजे सुटका.

पवित्र शास्त्र (बायबल) इतकं गुळमुळीत नाही. योहान मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यावं की नाही यावरून येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं बिनसलं की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या (प्रेषितांची कृत्ये 15:36-41). पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असं पौलच लिहितो (2 तीमथ्य 4:11). 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 40 मिनिटांचा धडा याच गोष्टीवर बेता.

गोष्ट 10 मिनिटांत सांगा, पण बरोबर कोण ते सांगू नका. मग दोन गट करा. पौलाच्या बाजूचे म्हणतील, मार्क मागे अर्ध्यावर साथ सोडून गेला होता; बर्णबाचे म्हणतील, त्याला आणखी एक संधी द्या. नियम एकच: आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि त्याने ‘हो, हेच म्हणत होतो’ म्हटल्यावरच पुढे जायचं. गाडी हमखास इथे अडते. ‘म्हणजे तुझं म्हणणं, मार्क बिचारा लाडका आहे,’ असं चिमटा काढून सांगितलं जातं. हसून सोडून देऊ नका, पुन्हा सांगायला लावा. दोन-तीन प्रयत्न लागतात. ‘ऐकायला तत्पर, बोलायला धीमा’ (याकोब 1:19) म्हणजे काय, ते याच खटपटीत कळतं. 10 मिनिटांनी बाजू बदला.

उरलेल्या वेळात वाक्यं घडवा. ‘तू चोर आहेस’ याऐवजी: ‘माझे रंग न विचारता घेतलेस. मला राग आला. पुढच्या वेळी विचार.’ काय घडलं, काय वाटलं, काय हवं. लहानग्यांना मधला भाग जड जातो. त्यांच्याकडून पहिलं आणि शेवटचंच घ्या, बाहुल्या हातात देऊन.

खरं भांडण झालं, तर आधी दोघांना 10-15 मिनिटं वेगळं बसवा. तापलेल्या डोक्यात वचन शिरत नाही. मग मत्तय 18:15 प्रमाणे आधी दोघांनाच बोलू द्या. तुम्ही जवळ बसा, पण न्यायाधीश होऊ नका. चूक सर्वांसमोर काढलीत, तर मूल चूक विसरतं आणि लाज लक्षात ठेवतं. माफीचे शब्द उशिरा आले तरी चालतील, भरपाई मात्र हवी: वही फाडली असेल तर फाडणाऱ्यानेच चिकटवायची. जक्कय या जकातदाराने तर चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती (लूक 19:8).

हे सगळं बरोबरीच्या भांडणापुरतं. सततची दादागिरी, धमकी, मोठ्या माणसाचा नकोसा स्पर्श, यांत ‘आधी त्याच्याशी एकांतात बोल’ असं मुलाला कधीही सांगू नका, आणि ‘क्षमा कर’ म्हणून त्याचं तोंडही बंद करू नका. ‘हे आपल्या दोघांतच ठेवू’ असं वचन न देता मुलाचं पूर्ण ऐकून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा.