मेणाची सिलिंडरे आणि नवशिक्यांची घाई : या चुका टाळा

जुने सिलिंडर, म्हणजे बारीक खाचांत गाणे कोरलेली पोकळ नळी, हाती आले की बहुतेक नवशिके आधी ते वाजवणाऱ्या फोनोग्राफ यंत्राला चावी देतात, आणि ते कशाचे बनले आहे याची चौकशी तडा गेल्यावर करतात.

माझ्याही हातून हे झाले आहे. एका हिवाळ्यात दुपारी वाजवलेले एडिसनचे ‘गोल्ड मोल्डेड’ सिलिंडर मी मॅन्ड्रेलवर, म्हणजे ज्या निमुळत्या धातूच्या दंडावर ते चढवतात त्यावर, रात्रभर तसेच ठेवले. सकाळी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर गेलेली होती. ही सिलिंडरे मिनिटाला १६० फेऱ्या घेतात, त्यामुळे आता त्या गाण्यात मिनिटाला १६० वेळा ‘टक्’ असा आवाज येतो. चीर जाण्याचे कारण सिलिंडराच्या घडणीतच आहे. १९०२ पासून ही सिलिंडरे साच्यात ओतली जाऊ लागली. मूळ मुद्रणावर निर्वातात सोन्याचा अतिसूक्ष्म थर चढवून, त्यावर विद्युत्‌विलेपनाने तांबे साठवून साचा तयार होई. (नावातले सोने साच्यापुरतेच, विकत मिळे ते काळे मेण.) ओतलेले मेण थंड होताना आक्रसे, म्हणूनच खाचांना धक्का न लागता सिलिंडर साच्यातून सरळ बाहेर येई. जे आक्रसणे कारखान्याच्या सोयीचे होते, तेच धातूच्या दंडावर सिलिंडराचा जीव घेते. वाजवून झाले की मी चहाला उठण्याआधी ते उतरवतो.

‘मेण’ हा शब्दही फसवा आहे. १८९० च्या दशकातील तपकिरी सिलिंडरे मधमाशीच्या मेणाची नसून मुख्यतः स्टिअरिक आम्लापासून केलेल्या धातुयुक्त साबणाची आहेत, तेव्हा त्यांच्यावर स्पिरिट चोळू नये. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तिने खाल्लेली खाच कितीही पुसली तरी परत येत नाही. मी फक्त कोरडा, मऊ ब्रश फिरवतो आणि पावसाळ्यात डबे अधूनमधून उघडून पाहतो.

सिलिंडर बाहेरून पकडू नये. दोन बोटे आत घालून ती ताणावीत.

१९१२ नंतरच्या ‘ब्लू अँबेरोल’ या निळ्या सिलिंडरांची तऱ्हा उलटी आहे. वर सेल्युलॉइड हे जुन्या काळचे प्लॅस्टिक असल्याने त्यांना बुरशीचे भय नाही, पण आतले प्लॅस्टर दमट हवेने फुगते आणि सिलिंडर दंडावर पुरते चढत नाही. अशा वेळी तळहाताने रेटणारे ते फोडतात, आणि ड्रिलला पॉलिशपेपर गुंडाळणाऱ्यांविषयी मी बोलणेच टाळतो. आतली बाजू हाताने, थोडी थोडी घासावी आणि दर वेळी चढवून पाहावी. मला एका सिलिंडराला अर्धा तास लागतो.

हिऱ्याची सुई याच निळ्या सिलिंडरांसाठी आहे. १९०८ ची मेणाची ‘अँबेरोल’ही चार मिनिटांची, इंचाला २०० खाचांची असल्यामुळे अनेक जण तीवरही हिराच टेकवतात. मेणाला नीलमाची सुई लागते. सुईच्या टोकाशी काळा भुगा जमू लागला, तर तो धूळ समजून फुंकू नये. ते गाणेच खरवडून निघत असते.