पाकोळी की भिंगरी? ओळखताना या चुका टाळा

संध्याकाळी पुलाभोवती काळसर पक्ष्यांचा थवा घिरट्या घालू लागला, की पक्षीनोंदीच्या वहीत हमखास घोळ होतो. पहिल्या वर्षी माझ्याही वहीत सगळ्या पाकोळ्या ‘भिंगरी’ म्हणून चढल्या होत्या. नावाचाही गोंधळ आहेच. काही भागांत भिंगरीलाच पाकोळी म्हणतात, तर कुठे छोट्या वटवाघळालाही. इथे पाकोळी म्हणजे इंग्रजीतली ‘स्विफ्ट’ आणि भिंगरी म्हणजे ‘स्वॉलो’.

दोघांच्या दिसण्यातलं साम्य फसवं आहे. भिंगरी चिमणी-बुलबुलच्या गणातली, तर पाकोळीचं जवळचं नातं अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी. दोघीही उडते किडे हवेतच टिपतात, म्हणून बांधा सारखा झाला.

सर्वात मोठी चूक म्हणजे विजेच्या तारेवरच्या रांगेला पाकोळ्या म्हणणं. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही. तिचे पाय अगदी आखूड आणि चारही बोटं पुढे वळणारी, त्यामुळे ती उभ्या भिंतीला नखांनी लटकते. तारेवर बसलेली दिसली, तर ती पाकोळी नव्हे.

नुसत्या शेपटीवरून निर्णय घेऊ नका. ‘दुभंगलेली शेपटी म्हणजे भिंगरी’ हा नियम कोकणात ताडाच्या झाडाखाली उभं राहिलात की मोडतो, कारण ताड पाकोळीची शेपटीही दुभंगलेली असते. त्यापेक्षा पंख बघा. पाकोळीचे पंख विळ्यासारखे लांब, ताठ, आणि फडफड जलद. भिंगरीची झेप सैल, वळणं घेत जाणारी. घर पाकोळी काळी असते, पण गळा आणि कंबर पांढरी. उजेड मागून असेल तर रंगावर विसंबू नका, सगळेच काळे दिसतात.

घरटं मात्र फसवत नाही. भिंगरी चिखलाच्या बारीक गोळ्या रचते. कमरेवर तांबूस पट्टा असलेल्या भिंगरीचं घरटं तर आडव्या सुरईसारखं असतं. घर पाकोळी हवेतच पकडलेली पिसं आणि गवत थुंकीने चिकटवते. पुलाखाली, वेशीच्या कमानीत अशी घरटी एकमेकांना खेटून असतात.

शेवटची चूक पक्ष्याच्या जिवावर बेतते. जमिनीवर पडलेली पाकोळी पाहून तिला हवेत भिरकावू नका आणि दूध-भात भरवू नका. तिचं अन्न फक्त किडे. जखम दिसत नसेल, तर मोकळ्या जागी तळहातावर ठेवून हात डोक्याच्या वर धरा. बळ असेल तर ती आपणच झेपावेल. नाही झेपावली, तर हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना गाठा.