रेसिंग इंजिनाच्या टाकीत 'पॉवर' ओतण्याआधी

रेस टीमच्या गॅरेजमध्ये नवीन आलेल्या मुलाला कुणीतरी एक बाटली दाखवतंच: हे थोडं टाक, गाडी उडेल. बाटलीत नेमकं काय आहे, हे विचारायची सवय त्याच दिवसापासून लावून घ्या. ताकद वाढवणारे पदार्थ मुख्यतः तीन प्रकारे काम करतात. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, मिथेनॉल आत येणारी हवा थंड करतं, टोल्युइन आणि ऑक्टेन (नॉकिंग सोसण्याची इंधनाची क्षमता) वाढवणारे बूस्टर नॉकिंग, म्हणजे दाब-उष्णतेने मिश्रण आपोआप खटकन पेटणं, लांबवतात. नुसतं टाकीत पडून यातलं काहीच भरवशाची ताकद देत नाही. इंधनाचा प्रवाह, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), प्लग, पाइप हे सगळं त्याच्या जोडीने बदलावं लागतं. ते न बदलता पदार्थ ओतला की इंजिन जातं.

हिशोब आधी समजून घ्या. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. नायट्रोमिथेनमध्ये किलोमागे उष्णता अवघी ११.३ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या जवळपास पाव. तरी ते ताकद देतं, कारण इंजिन ओढू शकेल ती हवा ठरलेली असते. १ किलो हवेत पेट्रोल जाळलं तर साधारण ३ मेगाज्यूल मिळतात, नायट्रोमिथेन जाळलं तर ६.६. मात्र त्यासाठी तेवढ्याच हवेला पेट्रोलच्या साडेआठपट वजनाचं इंधन आत घालावं लागतं.

इथेच बहुतेक इंजिनं मरतात. मिथेनॉलवर नीट चालणाऱ्या इंजिनात आकारमानाने २० टक्के नायट्रो मिसळलं आणि जेट (इंधन सोडणारी बारीक छिद्रं) तेच ठेवले, तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. आधीच्याच बरोबरीला यायचं तरी इंधनाचा प्रवाह सुमारे १४ टक्के वाढवावा लागतो. तो वाढवला नाही तर ज्वलनकक्षातलं तापमान चढतं, प्लगचं टोक किंवा एखादा कार्बनचा कण निखाऱ्यासारखा तापतो आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. पिस्टन अजून वर चढत असताना वरून दाब येतो. मग पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं, रिंगांमधला कठडा तुटतो, नाहीतर हेड गॅस्केट उडतं. हे काही सेकंदांत घडतं. आवाजावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पेट्रोलमध्ये नायट्रोमिथेन ओतणं तर त्याहून घातक. ते पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. त्याची घनता १.१४, पेट्रोलची ०.७५ च्या आसपास. गाडी रात्रभर उभी राहिली की नायट्रो तळाला बसतं, आणि पंपाचा पाइप नेमका तळाशीच असतो. सकाळी स्टार्टर दाबल्यावर इंजिनाला पहिला घोट जवळजवळ शुद्ध नायट्रोचा मिळतो.

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये (सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीच्या गाडीत) ९० टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल चालतं. तिथे इंधन इतकं आत जातं की सिलिंडर पातळ द्रवाने भिजलेलाच असतो. म्हणून दर सिलिंडरला दोन प्लग असतात. एखादा सिलिंडर पेटलाच नाही तर न जळलेलं इंधन आत साठतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पुढच्या फेरीत कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा हेडच वर उचललं जातं. तिथे धावेनंतर इंजिन खोलतात; तोवर इंधन उतरून ऑइलही पातळ झालेलं असतं. ही सोय आणि हा खर्च झेपणार नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साठवणुकीचं वेगळं सांगायला हवं. १९५८ साली अमेरिकेत नायट्रोमिथेनने भरलेले रेल्वेचे दोन टँकर वेगवेगळ्या ठिकाणी फुटले. अमाइन किंवा अल्कलीशी संपर्क आला की हा पदार्थ आणखी संवेदनशील होतो. म्हणून त्याचा कॅन कॉस्टिक सोड्याने किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरने कधीही धुऊ नका. १९६० च्या दशकात काही ड्रॅग रेसर त्यात हायड्राझीन घालत. ते विषारी तर आहेच, शिवाय नायट्रोमिथेनबरोबर त्याचं स्फोटक मिश्रण होतं. त्याला हातही लावू नये. असंच मिसळलं जाणारं प्रॉपिलीन ऑक्साइड ३४ अंशांनाच उकळतं; चेन्नईच्या ट्रॅकवर दुपारी पिटमध्ये (गाडी थांबवून काम करायच्या जागेत) तापमान त्याहून जास्त असतं. वर कर्करोगाचा धोका आहेच.

नवख्या टीमच्या हाती जास्त करून मिथेनॉल येतं. त्याची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या सुमारे तिप्पट, त्यामुळे हवा थंड होते आणि जास्त कम्प्रेशन चालतं. पण आकारमानाने ते पेट्रोलच्या २.१५ पट लागतं. पेट्रोलवर इंजेक्टर ६० टक्के ड्यूटी सायकलवर (म्हणजे ६० टक्के वेळ उघडा) असेल तर मिथेनॉलवर १३० टक्के हवा, म्हणजे अशक्यच. त्यामुळे मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि टेफ्लॉनचे पाइप आधी बसवा. साधं रबर फुगतं, अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम गंजतं, पांढरी पूड फिल्टरमध्ये अडकते. सत्र संपल्यावर इंजिन पेट्रोलवर ५ ते १० मिनिटं चालवून पाइप धुवून काढा. कॅनचं झाकण घट्ट ठेवा, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पिटमध्ये ड्रायव्हर रिक मिअर्स पेटला, तेव्हा आजूबाजूच्यांना आग आहे हेच आधी कळलं नव्हतं. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून जवळ भरपूर पाणी ठेवा. ते त्वचेतूनही शरीरात जातं. साधारण १० मिली पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. तोंडाने सायफन करू नका. संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

ऑक्टेनबद्दल गैरसमज फार आहेत. ऑक्टेन वाढल्याने ताकद वाढत नाही. टायमिंग, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) किंवा कम्प्रेशन वाढवायला जागा मिळते, एवढंच. १९८८ च्या होंडा फॉर्म्युला वन टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेन होतं, आणि ते नीट बाष्प व्हावं म्हणून इंधन आधी गरम करावं लागे. बाटलीतल्या बूस्टरवर '५ पॉइंट' लिहिलं असेल तर बहुधा ०.५ ऑक्टेन समजावं. फेरोसिन किंवा मँगनीजवाल्या बूस्टरने प्लगच्या पोर्सेलिनवर तांबूस थर बसतो, त्यातून करंट झिरपतो आणि गाडी मिसिंग करते. ऑक्टेन वाढवायला टाकीत डांबरगोळ्या टाकायची जुनी युक्तीही सोडून द्या. नॅप्थलीनचे खडे जेटमध्ये साठतात, आणि हल्लीच्या बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. ते जळाल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ऑक्टेन हवंच असेल तर पंपावर मिळणारं १०० ऑक्टेन पेट्रोल घ्या.

कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) टीममध्ये असाल तर प्रश्नच नाही: इंधनात काहीही मिसळायला नियमांनी मनाई आहे. इतर स्पर्धांतही नियमपुस्तकातलं इंधनाचं पान आधी वाचा.

परवानगी असेल तर काम डायनोवर (जागेवरच इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा, ट्रॅकवर नाही. मिश्रण हायड्रोमीटरने (घनता मोजणाऱ्या नळीने) तपासा, तापमान लिहून ठेवा. सुरुवात रिच बाजूने, म्हणजे इंधन जरा जास्त ठेवून, करा, टायमिंग २–३ अंश मागे घ्या, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) लावा. मीटरवर पेट्रोलच्या गुणोत्तराचा आकडा न बघता लॅम्डा (आलेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) बघा. प्रत्येक पुलनंतर (डायनोवरच्या एका पूर्ण जोराच्या चाचणीनंतर) प्लग काढून भिंगाखाली धरा. पोर्सेलिनवर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. तिथेच थांबा, लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी चाचणी) करा, आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त गळत असेल तर पुढचा पुल न घेता हेड उघडा.