भाड्याने दिलेल्या सदनिकेचे बिनभोगवटा शुल्क कसे तपासावे

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिली की देखभाल बिलात ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’, म्हणजे बिनभोगवटा शुल्काची ओळ वाढते. हे शुल्क घेण्याचा संस्थेला अधिकार आहे. वाद होतो तो रकमेवरून. महाराष्ट्र शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ अन्वये १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि सर्वसाधारण सभेने बहुमताने वेगळा दर ठरवला तरी तो या आदेशापुढे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मॉन्ट ब्लाँ संस्थेच्या प्रकरणात हा आदेश उचलून धरला.

खरी गफलत टक्केवारीत नसते, टक्के कशावर काढले यात असते. बिल ४,८०० रुपयांचे असेल आणि त्यात पहारेकरी व सफाई कामगारांचे पगार, जिन्यातील दिवे, कार्यालयीन खर्च, लेखापरीक्षण असे सेवा शुल्क १,८०० रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क १८० रुपये होते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) हिशेबात धरून ४८० रुपये लावले असतील, तर दरमहा ३०० रुपये जास्त जात आहेत. बिलावर ‘मेंटेनन्स’ अशी एकच ठोक रक्कम असेल, तर आधी सचिवांकडे शीर्षकनिहाय तपशील लेखी मागावा. सदनिकेत आपले आई-वडील, मुले किंवा विवाहित मुलगी राहत असेल, तर हे शुल्क मुळीच लागू होत नाही.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार, भाडेकरू ठेवण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र आठ दिवस आधी लेखी कळवून नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत संस्थेला द्यावी लागते. ‘बॅचलर नकोत’ हा समितीचा आग्रह पुष्कळदा एवढे कागद वेळेवर पोहोचले की आपोआप नरम पडतो.

जादा आकारणी आढळल्यास आदेशाचा दाखला देऊन आणि सोबत आपला हिशेब जोडून सचिवांना पत्र द्यावे, त्याच्या प्रतीवर संस्थेचा शिक्का व तारीख घ्यावी, आणि वसूल झालेली जादा रक्कम पुढील बिलांत वळती करण्याची मागणी करावी. उत्तर न आल्यास त्याच कागदांसह आपल्या विभागाच्या उपनिबंधकांकडे, सहकारी संस्था, तक्रार करावी. दरम्यान रागाच्या भरात संपूर्ण बिल थकवू नये, कारण थकबाकीदार ठरल्यास संस्था कलम १५४ब-२९ खाली वसुलीची कारवाई करू शकते. निर्विवाद रक्कम वेळेवर भरावी आणि वादग्रस्त रकमेबाबतचा आक्षेप भरणा करतानाच लेखी नोंदवावा.

ही मर्यादा सहकारी संस्थांपुरती आहे. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालील इमारतीत राहणाऱ्यांनी आधी आपले घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेला दस्त) आणि त्यासोबतच्या उपविधी वाचाव्यात.