कर्जाआधी उधारीची वही बघा

गरीब वस्त्यांत छोटे उद्योग उभे करण्याच्या कामात नव्याने येणारे बरेच जण कर्जयोजना तोंडपाठ करून येतात. माझं म्हणणं, सुरुवातीला कुणाला काही शिकवूच नका. जो आधीपासून धंदा करतोय, त्याच्या शेजारी बसा. ओळख झाली की उधारीची वही बघायला मागा.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या वहीत गिऱ्हाइकांची येणी, दोऱ्याचा खर्च, मुलाची फी, औषधं, सगळं एकाखाली एक होतं. धंद्याचा नि घरचा पैसाही एकाच डब्यात. दोन डबे केले, त्यांच्या स्वतःच्या मजुरीचाही हिशेब धरला, तेव्हा दिसलं की नवे कपडे शिवण्यापेक्षा जुन्यांच्या दुरुस्तीत जास्त सुटतं. दुरुस्तीची पाटी लावायचं त्यांनीच ठरवलं. मी फक्त बेरजा केल्या.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वतःहून पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला; हिशेब आणि विक्रीच्या नेहमीच्या वर्गांचा ठोस परिणाम दिसला नाही. तरी आपल्याकडून मागितले जातात ते वर्गच. हजेरीपट भरायला सोपे ना!

कर्जाचंही तसंच. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचं नोबेल मिळालं आणि छोटं कर्ज रामबाण ठरलं. २०१५ साली अशा कर्जांवरचे सहा देशांतले अभ्यास एकत्र छापून आले: धंद्याला थोडा हात मिळतो, पण घरचं उत्पन्न सरासरीने फारसं हलत नाही. मला यात हप्त्यांच्या वेळापत्रकाचा मोठा वाटा वाटतो. पंधरवड्यात पहिला हप्ता भरायचा असेल, तर माणूस रोज रोकड देणारा धंदाच धरणार. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिल्या हप्त्यासाठी दोन आठवड्यांऐवजी दोन महिने दिले, तर धंद्यातली गुंतवणूक वाढली, पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, म्हणून वित्तसंस्था कचरतात. तुमच्या संस्थेत हप्ते ठरत असतील त्या बैठकीला जरूर बसा.

आणि एकाच गल्लीत दहा शिलाई यंत्रं वाटायचा बेत निघाला, तर आधी तिथले कपडे मोजा. वाटपाचा फोटो झकास येतो. गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहतं. कुणी 'मला धंदा नको, पगाराची नोकरी बघा' म्हणालं, तर त्याला उद्योजकतेवर भाषण देऊ नका, नोकरी शोधायला मदत करा.