गच्ची गळतेय? डबा उघडण्याआधी या चुका टाळा

मेच्या शेवटी ढग दिसले की वॉटरप्रूफिंगचा डबा आणायचा आणि संध्याकाळपर्यंत गच्ची पांढरी करून मोकळं व्हायचं. दरवर्षी हीच घाई, आणि जुलैत छताला तोच डाग. हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचं, कारण स्लॅबवरचा कोबा आतूनही वाळलेला लागतो.

डागाच्या बरोब्बर वर लेप मारणं. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. स्लॅबवर सहसा विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे जाड थर असतो. एका कोपऱ्यात शिरलेलं पाणी त्यातून सरकत जातं आणि स्लॅबमध्ये वाट सापडेल तिथे खाली उतरतं, बहुधा पंख्याच्या हुकापाशी किंवा वायरिंगच्या पाइपातून. एका बंगल्यात हॉलच्या पंख्याशेजारी ओल होती. दोन उन्हाळे नेमक्या त्या जागेवर लेप झाला, ओल तसूभर हलली नाही. दोष निघाला बारा फुटांवर, खुर्ऱ्यात, म्हणजे गच्चीचं पाणी पाइपात उतरतं त्या खळग्यात. पाण्याचा पाइप आणि काँक्रीट यांच्यामध्ये पेन्सिल शिरेल एवढी फट होती. खुर्रा फोडून पाइपाभोवतीचा सांधा पुन्हा भरला, तेव्हा कुठे छत वाळलं.

म्हणून आधी खुर्रा बघा, मग कठड्याच्या कडेचा वाटा (गच्ची आणि कठडा जोडणारा गोलसर सांधा), मग टाकीचे पाय, आणि शेवटी मधल्या भेगा. नक्की कळत नसेल तर मातीचे बांध घालून गच्चीचे भाग पाडा आणि एकेका भागात 2 इंच पाणी 48 तास साठवा. वेळ लागतो, पण अंदाजाने ओतलेल्या डब्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

ओल्या कोब्यावर लेप. आतलं पाणी उन्हात वाफ होऊन वर येतं, लेपाला फुगे धरतात आणि पापुद्रे निघतात. दोष मालाला दिला जातो. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, गच्ची धुवा, निदान तीन दिवस कडक ऊन द्या. मग दोन फुटी प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबा.

अॅक्रिलिक लेपाचा पहिला हात पातळ असतो. किती पाणी घालायचं ते डब्यावर वाचा. पुढचे दोन हात पाणी न घालता, एक उभा, एक आडवा. मध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. भर दुपारी मारू नका, वरचा थर सुकतो आणि आतला कच्चा राहतो. कठड्यावरही फूटभर चढवा, वाट्यापाशी थांबू नका.

भेगेवर सिमेंटचं पाणी ओतणं. स्लॅब उन्हात ताणतो, रात्री आकसतो, सिमेंट तिथेच पुन्हा तडकतं. 5-6 मिलिमीटरची व्ही आकाराची खाच पाडा, धूळ झटका, क्रॅक फिलर दाबून भरा आणि वर फायबरची जाळी लेपात बसवा.

छताला आतून आधीच रंग देणं. पोपडे येणारच. छत वाळेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका.

लेप झाल्यावर डिश अँटेनासाठी ड्रिल मारणं. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा.

वर पत्र्याचं छप्पर असेल तर त्याचा स्क्रू नालीच्या खोलगटात मारणं. उंचवट्यावरच मारा, आणि कडक झालेले रबरी वायसर बदला.

पंख्याच्या हुकातून पाणी टपकत असेल तर त्या खोलीचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा स्विच) आधी खाली पाडा. पहिल्या पावसानंतर खुर्ऱ्याची जाळी साफ करा. सुकलेली पानं तिथेच अडकतात आणि गच्चीवर तळं साचतं.